फिका पडलेला गाडीचा कलर घरच्या घरी परत आणायचा कसा? सांगली-मिरजेकडच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा जोर धरतात. एकदा साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला की, आणि दुसऱ्यांदा एप्रिलचं ऊन तापायला लागलं की. विचारणाऱ्याची गाडी सहसा आठ-दहा वर्षांची असते. इंजिन ठणठणीत असतं, आतून गाडी नीट ठेवलेली असते, पण बोनेटकडे बघवत नाही. ज्यांनी आजवर बादली आणि फडक्याच्या पलीकडे काही हातात धरलेलं नाही, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

कलर ‘मेला’ म्हणतात, म्हणजे नक्की काय होतं?

गाडीच्या रंगात रंगद्रव्याचे कण एका राळेसारख्या पदार्थात घट्ट धरलेले असतात. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ही पकड वरून सैल करत जातात. पृष्ठभाग खडबडीत आणि भुकटीसारखा होतो. त्यावर पडलेला उजेड सरळ परत न येता चारी दिशांना विखुरतो, म्हणून रंग पांढुरका दिसतो. खालचा रंग बहुतेक वेळा शाबूत असतो.

म्हणजे काम एवढंच, की वरचा मेलेला पापुद्रा काढायचा. पॉलिशने कलर चढतो अशी पुष्कळांची समजूत असते. पॉलिशने कलर उतरतो. चकाकी येते ती खालचा ताजा थर उघडा पडल्यामुळे. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून (पत्र्यावरच्या अगदी खालच्या थरापासून) वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे डोक्याच्या एक-दोन केसांएवढी. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर थर तर ४०-५० मायक्रॉनच्याच घरातला. एवढीच शिल्लक गाडीच्या उरलेल्या आयुष्याला पुरवायची आहे, तेव्हा पुढची सगळी उत्तरं हा हिशेब धरून वाचा.

बोनेट आणि छतच का खराब होतं? दरवाजे तर बरे आहेत.

आडवे भाग दिवसभर ऊन झेलतात, दरवाज्यांवर ते तिरपं पडतं. दव, धूळ आणि पक्ष्यांची घाणही आडव्या भागावरच साचते. लाल रंगाला हा त्रास सगळ्यात जास्त. पांढऱ्या रंगालाही होतो, पण लवकर दिसत नाही एवढंच.

माझ्या गाडीवर क्लिअर कोट आहे की नाही, कसं ओळखू?

मेटॅलिक रंग असेल तर क्लिअर जवळजवळ नेहमीच असतो. प्रश्न साध्या रंगांचा, त्यातही जुन्या गाड्यांचा. मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून २०१४ च्या सुरुवातीपर्यंत निघत होती. अशा जुन्या गाड्या, ओम्नी, ॲम्बॅसेडर यांच्या साध्या रंगांवर बऱ्याचदा वेगळा क्लिअर थर नसतो.

एखाद्या आडोशाच्या जागी, म्हणजे डिकीच्या कडेला वगैरे, पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर क्लिअर नाही. फडकं नुसतं मळकट झालं तर क्लिअर आहे. गाडी पांढरी असेल तर काळं किंवा गडद निळं फडकं घ्या, नाहीतर काहीच कळत नाही. आणि ती गाडी मधे कधी रंगवलेली असेल तर कंपनीची माहिती विसरा, फडकं सांगेल ते खरं.

क्लिअर नसलेली गाडी नवशिक्याला सोपी जाते. मेलेला रंग निघतो आणि खालून तोच रंग ताजा निघतो.

कलर वाचण्यासारखा आहे की गाडी रंगवावीच लागेल?

सगळं यावर अवलंबून आहे आणि लोक नेमकं हेच न बघता कंपाउंडचा, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणाऱ्या पेस्टचा, डबा उघडतात.

गाडी धुवून सावलीत कोरडी करा. मग बोनेटवर तांब्याभर पाणी ओता. ओलं असताना रंग गडद, पूर्वीसारखा दिसला आणि वाळल्यावर पुन्हा फिका पडला तर चांगली खूण आहे. खडबडीतपणात पाणी भरलं म्हणून रंग दिसला, पॉलिशने ते काम कायमचं होईल. पण एवढ्यावर थांबू नका, कारण क्लिअर उडालेला भागही ओला असताना थोडाफार बरा दिसतो.

दुसरी खूण नखाची. क्लिअर गेलेल्या गाडीवर पांढुरके पट्टे दिसतात आणि त्यांना नकाशातल्या सीमेसारखी वाकडीतिकडी कड असते. त्या कडेवरून नख आडवं फिरवा. नख अडलं किंवा पापुद्रा उचलला गेला, तर तिथे क्लिअर सुटलेला आहे. त्याला जगातलं कुठलंही पॉलिश, वॅक्स किंवा कोटिंग जागेवर आणत नाही. घासलंत तर कड आणखी पुढे सरकेल. तो पार्ट पेंटरकडेच द्यायचा. बाकी गाडी तुम्ही करू शकता.

सगळीकडे सारखा मंदपणा, हात फिरवला की किंचित भुकटी, नख कुठेच अडत नाही: अशी गाडी असेल तर बाह्या सरसावा.

सीझनमध्ये रोज सकाळी गाडीवर काजळी असते. फडक्याने झटकतो. चालेल ना?

नाही, आणि आपल्या भागातल्या गाड्या कशाने मरतात असं कुणी विचारलं तर मी उन्हाच्या बरोबरीने या झटकण्याचं नाव घेईन. कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस (उसाचं चिपाड) जळतो, शेतात पाचट जळतं, आणि ते काळे तंतू वाऱ्याबरोबर विश्रामबागेपासून माधवनगरपर्यंत कुठेही उतरतात. हाताला मऊ लागतात, बोटांत चुरतात, त्यामुळे निरुपद्रवी वाटतात. पण बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, वाळूत असते तीच. कोरडं फडकं फिरवलं की ती रंगावरून घासत जाते आणि उन्हात बघितलं तर बारीक गोल जाळं दिसतं.

आधी पाण्याचा फवारा मारून राख वाहून जाऊ द्या. पाइप नसेल तर झारीने वरून पाणी सोडा. त्यानंतरच शाम्पूचं मिट (हातात घालायचा मऊ मोजा) लावा. पाण्याची टंचाई असेल तर एक-दोन दिवस काजळी तशीच राहिलेली परवडली, कोरडं पुसणं नको.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग निघत नाहीत. द्राक्षबागेच्या फवारणीचेही आहेत.

तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडे हा प्रश्न पाठ झालेला आहे. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी वाळलं की मागे उरतात. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, पुसा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. हे सावलीतच करायचं आणि आधी एका कोपऱ्यात करून बघायचं. संडास साफ करायचं ॲसिड मात्र गाडीजवळ आणूही नका. ‘पटकन निघतं’ म्हणून लोक ते वापरतात. डाग निघतो, सोबत क्रोमही निघतं.

बागेजवळ उभ्या केलेल्या गाडीवर निळसर-पांढरे ठिपके येतात ते बहुधा बोर्डोचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे. त्यांनाही हाच उपाय. व्हिनेगरनेही डागाच्या जागी खळगा दिसत राहिला तर क्षाराने रंग खाल्लेला आहे. तिथे पॉलिश लागेल, आणि खोल असेल तर तो थोडा राहणारच.

पुढच्या वेळेसाठी एकच पथ्य. बोअरच्या पाण्याने गाडी उन्हात धुवायची नाही आणि धुतल्यावर आपोआप वाळू द्यायची नाही.

सामान काय काय आणू?

शाम्पू, दोन बादल्या (एक साबणाची, एक मिट खळबळायची), क्ले बार (रंगाला चिकटलेले दाणे उचलणारी मातीसारखी मऊ वडी), मास्किंग टेप, एक मध्यम कंपाउंड, एक बारीक पॉलिश, वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण जास्त टिकणारा संरक्षक थर), आणि मायक्रोफायबरची फडकी. फडकी वाटतात त्याच्या दुप्पट घ्या. जुना बनियन, धोतराचं फडकं, साडीचा तुकडा यांनी पूर्वी गाड्या पुसल्या जायच्या हे खरं, पण शिवण आणि बटणाची जागा रेघ पाडते.

फडकं जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं ते बाद. क्ले बार पडला तर कायमचा बाद, कारण त्यात रुतलेली खडी काढता येत नाही.

क्ले बार कशाला? गाडी तर धुतली.

धुतलेल्या बोनेटवर हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न लागणारे दाणे पिशवीतून लागतात. डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, रेल्वेच्या ब्रेकमधून किंवा फाउंड्रीतून उडालेली लोखंडी भुकटी. मिरज जंक्शनच्या आसपास राहणाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसतात ते गंज लागल्याचे नव्हे, बहुधा या भुकटीचे. हे दाणे ठेवून पॉलिशची मशीन फिरवली तर तेच दाणे तिच्या पॅडमध्ये अडकून गोल रेघा काढतात. शाम्पूच्या पाण्याचा ओलावा ठेवून क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा, दाबू नका. मळला की घडी घालून नवी बाजू काढा.

हाताने जमेल की मशीन लागेल?

मारुती ८०० सारखी छोटी, क्लिअर नसलेली गाडी हाताने होते. खांदे भरून येतील, पण होते. क्लिअर असलेल्या गाडीवर हाताने थोडाफार फरक पडतो, पुरा नाही, कारण क्लिअर टणक असतो.

मशीन घ्यायचीच तर ड्युअल ॲक्शन घ्या. तिचं पॅड फिरतं आणि त्याच वेळी डगमगतं. जास्त दाबलं की फिरणं थांबतं, त्यामुळे नवशिक्याच्या हातून रंग जळायची शक्यता फार कमी. गॅरेजमध्ये दिसते ती रोटरी. ती दाबली तरी फिरतच राहते आणि एका जागी दोन-चार सेकंद जास्त थांबली की कडेचा रंग उडून प्रायमर दिसतो. कसलेल्या माणसाच्या हातात ती उत्तम चालते, पण भाड्याने मिळाली म्हणून पहिल्याच दिवशी स्वतःच्या गाडीवर शिकू नये.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

जागा सावलीची हवी आणि पत्रा थंड हवा. हाताची मागची बाजू बोनेटवर ठेवा, कोमट लागली तरी थांबा. एप्रिल-मेमध्ये याचा अर्थ सकाळी लवकर, नाहीतर मग दिवस मावळल्यावर लाइट लावून. गरम पत्र्यावर कंपाउंड घासायच्या आधीच वाळतं.

काळी बीडिंग, वायपरखालचं प्लॅस्टिक, नंबरप्लेटची कड यांना टेप लावा. खडबडीत काळ्या प्लॅस्टिकवर कंपाउंड लागलं की पांढरं होतं आणि मग टूथब्रश घेऊन बसावं लागतं. बोनेटच्या धारदार कडा आणि रेषा उमटलेल्या जागांवरही टेप लावा, तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो.

आता बोनेटच्या मधे टेपने दीड-दोन फुटांचा चौकोन आखा. फक्त तेवढ्यात काम करायचं, बाकी गाडीला हात लावायचा नाही. सुरुवात नेहमी सौम्य गोष्टीपासून: मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके घ्या, मशीन बंद असतानाच ते पत्र्यावर टेकवून पसरा, मग सगळ्यात कमी स्पीडवर चालू करा. पॅड पत्र्यावर टेकलेलं नसताना मशीन चालू केलीत तर भिंतीपर्यंत शिंतोडे उडतात. नंतर मशीनवरच्या चार-पाच नंबरच्या स्पीडला न्या आणि सेकंदाला एखाद-दीड इंच इतक्या संथपणे आधी आडवे, मग उभे हात फिरवा. प्रत्येक हात आधीच्या हातावर निम्मा चढला पाहिजे. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसते तोवर दाब बरोबर, दिसेनाशी होऊन पॅड नुसतं थरथरायला लागलं तर दाब जास्त झाला.

तीन-चार फेऱ्यांत पांढरं पॉलिश पातळ होत जाऊन तेलकट, पारदर्शक साय उरते. इथे थांबून पुसा. क्लिअर नसलेल्या गाडीवर ही साय आणि पॅड दोन्ही गाडीच्या रंगाची होतात. घाबरायचं नाही, मेलेला रंग निघतोय. पण पॅड ब्रशने सारखं साफ करत राहा, नाहीतर तीच भुकटी परत घासली जाते.

एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोन-तीन भाग पाणी फवारून चौकोन पुसा, म्हणजे तेलाची खोटी चकाकी जाईल. आता टेप काढा. टेपच्या एका बाजूला काचेसारखा रंग आणि दुसऱ्या बाजूला जुना मंद, अशी सरळ रेघ दिसली तर हीच जोडी सगळ्या गाडीला. फरक कमी वाटला तरच कंपाउंड काढा आणि त्यानंतर बारीक पॉलिशने शेवटचा हात द्या. थेट कंपाउंडने सुरुवात करणारे पुष्कळ भेटतात. गरज नसताना खर्चलेला रंग परत मिळत नाही.

फार कोरडा पडलेला, क्लिअर नसलेला जुना रंग असेल तर घासण्याआधी ग्लेझ, म्हणजे रंगात मुरणारं तेलकट क्रीम, जाडसर लावून रात्रभर मुरू द्यावं. रंग तेल शोषतो आणि दुसऱ्या दिवशी कमी घासून जास्त फरक पडतो.

कुठे थांबायचं?

शेजारच्या काकांच्या लाल ओम्नीचं छत करत होतो. तिसऱ्या पॅडला छत असं उघडलं की काका खुर्ची घेऊन बाजूलाच बसले. कोपऱ्यात एक जुना डाग राहिला होता. “अरे, तेवढा घालव की. एवढं केलंस, तेवढ्यासाठी कशाला ठेवतोस?” मी म्हटलं, “काका, तो घालवायला गेलो तर खालचा करडा प्रायमर येईल वर. मग तो डाग कसा घालवायचा?” काका थोडे नाराज झाले. डाग अजून आहे आणि छतही.

ऐंशी टक्के सुधारणा झाली की नवशिक्याने हात काढून घ्यावा. जाडी मोजायचं मीटर जवळ नसताना उरलेल्या वीस टक्क्यांच्या मागे लागणं म्हणजे जुगार. २०००-३००० नंबरचा वॉटर पेपर मारून आरसा करणारे व्हिडिओ बघायला छान असतात, तुम्ही सध्या बघण्यापुरतेच ठेवा.

टूथपेस्ट, रॉकेल, खोबरेल तेल?

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, पण ते रंगासाठी बनवलेले नाहीत आणि दाताएवढ्या जागेपुरतेच परवडतात. रॉकेल-डिझेलने पुसलेली गाडी संध्याकाळी चमकते, दुसऱ्या दिवशी तिच्यावर निम्म्या गावाची धूळ बसते, आणि रबरी बीडिंग फुगते. खोबरेल तेल डोक्याला.

सेंटरवर ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं, पंधरा दिवसांत जैसे थे. फसवलं का?

फसवलंच असं नाही. बऱ्याच स्वस्त पॉलिशमध्ये तेल आणि भराव असतो. तो रेघांत बसतो, गाडी चमकते, दोन-चार धुण्यांत वाहून जातो. रंग मुळात सुधारलेलाच नसतो. वर दुपारच्या उन्हात बघितल्यावर मशीनच्या हालचालीच्या सावल्या दिसत असतील तर रोटरी घाईत फिरवलेली आहे. पुढच्या वेळी गाडी ताब्यात घेण्याआधी एक पार्ट अल्कोहोलने पुसून दाखवायला सांगा. काम खरं असेल तर माणूस आनंदाने पुसून दाखवतो.

ओरखडे जातील का?

नखात अडकतो तो ओरखडा पॉलिशने जात नाही. नख वरून सरकतं तो जातो किंवा पुसट होतो.

पुराच्या पाण्यात उभी असलेली गाडी आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी धोक्याच्या ४५ फुटांच्या कितीतरी वर गेलं होतं आणि शहरातल्या असंख्य गाड्यांवर तो वाळलेला गाळ बसला. गाळ घासून काढायचा नसतो. ओली गोणपाटं नव्हे, ओले टॉवेल टाकून तो आधी फुगवायचा, मग कमी दाबाच्या पाण्याने खाली सोडायचा. पॉलिशचा विचार दोन-तीन धुण्यांनंतर. आणि अशा गाडीचं वायरिंग आणि इंजिन मेकॅनिकने बघेपर्यंत रंगावर एक रुपयाही घालू नये.

चकाकी टिकवायला काय करू?

पॉलिश झाल्यावर रंग उघडा असतो, त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावा. आपल्या उन्हात वॅक्स दोन-तीन महिने पुरतं, सीलंट त्याहून जास्त. पाणी टाकल्यावर थेंब गोल न होता सपाट पसरायला लागले की पुन्हा लावायची वेळ झाली. सिरॅमिक कोटिंग चांगलं आहे, पण नीट न पॉलिश केलेल्या गाडीवर ते मारलं तर मंदपणाच कोटिंगखाली बंद होतो, म्हणून पहिल्या प्रयत्नाला त्याच्या नादी लागू नका.

कव्हर धूळ भरलेल्या गाडीवर घालू नये. वाऱ्याने ते दिवसभर हलतं आणि धूळ घासत राहतं. चिंचेच्या सावलीत गाडी लावत असाल तर पक्ष्यांची घाण दिसेल तेव्हा लगेच ओल्या फडक्याने भिजवून उचला. उन्हात ती काही तासांतसुद्धा क्लिअरवर ठसा उमटवते.

बोनेटचा क्लिअर गेलाच आहे. तेवढंच रंगवून घेऊ?

घ्या. सगळी गाडी रंगवायची गरज नसते आणि कंपनीचा भट्टीत भाजलेला मूळ रंग जितका राहील तितका बरा. फक्त क्रम उलटा ठेवा. आधी बाकीची गाडी पॉलिश करा आणि मग पेंटरकडे न्या, म्हणजे शेड उजळलेल्या रंगाशी जुळवली जाईल. आधी बोनेट रंगवून आणलं आणि नंतर दरवाजे चकचकीत केले तर दोन्ही रंग वेगळे दिसतात आणि पेंटर विनाकारण शिव्या खातो. रंगाचा कोड गाडीच्या प्लेटवर असतो, तो सोबत न्या, पण दहा वर्षांच्या उन्हानंतर नुसत्या कोडवर विसंबू नका. समोर चाचणीचा पत्रा मारून उन्हात गाडीशेजारी धरायला सांगा. नव्या रंगावर महिना-दोन महिने वॅक्स किंवा सीलंट लावायचं नाही, आतलं सॉल्व्हंट उडून जायला वेळ लागतो. तोवर नुसतं पाणी आणि सौम्य शाम्पू.